जन्नतीची पहिली ओळ

निजामी अमलात कचेरीचा कागद उर्दूत लागायचा, अन् उर्दू आम्हा खेडुतांना येत नव्हती. म्हणून तालुक्याच्या कचेरीबाहेर, लिंबाखाली बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अर्जनवीसाकडं आम्ही जायचो. बोरू कानावर ठेवून ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच "बराबर, बराबर" म्हणायचे. मात्र गाऱ्हाणं कसलंही असो, अर्जाची पहिली ओळ ठरलेली: सरकारच्या सावलीत आमचं गाव जन्नत आहे.

आमच्या गावात एकच पायविहीर. तिच्या पाण्यानं घरोघर नारू झालेला. माझ्याही पायातून तो जंत दोऱ्यासारखा निघत होता. काडीला गुंडाळलेला तो नारू सांभाळत मी वाटेतल्या तीर्थपुरीवरून तालुक्याला चालत गेलो आणि नव्या विहिरीचा अर्ज लिहून घेतला. महिन्यानं अर्ज परत आला. साहेबांचा शेरा अर्जनवीसांनीच वाचून दाखवला, "गाव जन्नत असेल तर विहीर कशाला?"

"चाचा, आता तरी ती ओळ नका लिहू," मी म्हणालो.

"त्या ओळीबिगर कागद आत घेत न्हाईत, बाबा. या खेपेला बारीक लिहितो. साहेबाला दिसायची न्हाई."

तोही अर्ज परत आला. शेरा होता, "पहिली ओळ नीट वाचता येत नाही."

तोवर माझ्या दुसऱ्या पायातूनही नारू डोकावायला लागला होता. चाचांनी माझ्या पायांकडं पाहिलं, मान खाली घातली, नवा बोरू तासला आणि जन्नत चांगली ठळक काढली.