घाटावरचा लाल ठिपका

लायल टोर्गरसनला विमान चालवता येत नव्हतं असं कोणी म्हणालं, तर मी भांडायला उठेन. त्याचा हात सोन्याचा होता. आमच्या दोघांच्या विमानांच्या शेड शेजारी शेजारी. मी जन्मभर पिकांवर फवारणी करणारं विमान चालवलं, तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी आपलं चार सीटांचं छोटं विमान उडवायचा.

आमच्याकडे मोंटानात गव्हाची सपाट शेतं आणि पश्चिमेला डोंगर आडवा. त्या डोंगरापलीकडे, आयडाहोत, लायलची थोरली बहीण आर्डिस राहायची. आई लवकर गेली, तेव्हा आर्डिसनेच त्याला वाढवलं. मग लग्न होऊन ती पलीकडे गेली ती तिकडचीच झाली. नवऱ्याने तिच्या कुरणात गवताची धावपट्टी करून ठेवली होती, खास या मेहुण्यासाठी.

पूर्वी लायल तिच्याकडे निघाला की त्याच्याजवळ एक कागदी नकाशा असायचा आणि शेडमधला टेलिफोन.

"आर्डिस, खिडकीतून शिखर दिसतंय का?"

"दिसतंय की."

"मग कॉफी टाक. आलोच."

एवढंच त्याचं हवामान खातं. शिखर दिसत नाही म्हणाली की स्वारी घरी. त्या एका खिडकीच्या भरवशावर त्याने कितीतरी वर्षं तो घाट ओलांडला.

मग टॅबलेट आला. आता तो आमच्यातल्या प्रत्येकाच्या मांडीवर असतो, माझ्याही. नकाशावर दोनदा बोट टेकवलं की मार्गाची जांभळी रेघ तयार. वारा, ढगांची उंची, पेट्रोल, कुठला डोंगर आपल्यापेक्षा उंच, सगळं त्यात. ते यंत्र वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. सावधपणालाही नावं ठेवणार नाही. आमच्या धावपट्टीच्या कुंपणाशी ज्यांच्या आठवणीच्या दोन पाट्या आहेत, ते दोघंही ढगात घुसून डोंगरावर आपटले आणि दोघंही लायलचे मित्र होते.

पण लायलचं त्या यंत्रापायी काहीतरी बिघडलं. आधी तो एक प्रश्न विचारायचा, आता चाळीस विचारायला लागला. आणि चाळीस प्रश्नांना एकाच दिवशी होकार कधी मिळतो? गुरुवारी बेत आखायचा, शुक्रवारी सुधारायचा, शनिवारी सकाळी कॉफी पिता पिता मोडायचा.

"आज काय निघालं?" मी विचारायचे.

"घाटात वारा आहे."

"किती?"

"फार नाही. पण वाढेल असं दिसतंय."

"वाढेल असं तर माझं वजनही दिसतंय, लायल. म्हणून मी जेवायची थांबले का?"

तो हसायचा आणि शेडचं दार ओढून घ्यायचा.

आर्डिसने त्र्याऐंशीव्या वर्षी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. ज्या शेतावर दोघं जन्मली, ते आमच्या गावाबाहेरचं शेत तिला एकदा वरून बघायचं होतं. मोटारीचा दिवसभराचा प्रवास तिच्या पाठीला झेपणारा नव्हता. विमानाने दोन तासही लागत नाहीत. "या उन्हाळ्यात नक्की आणतो," लायल म्हणाला. उन्हाळाभर त्याने तो मार्ग इतक्या वेळा आखला की रेघ झिजायची असती तर झिजून गेली असती. उन्हाळा गेला. सप्टेंबरात तिच्या मुलाचा, कर्मिटचा फोन आला, की डॉक्टर हिवाळ्याची खात्री देत नाहीत.

त्या शनिवारी लायल खरंच निघाला. मी धावपट्टीच्या कडेला उभी राहून हात हलवला. मनातून मला इतकं बरं वाटलं की मी त्याची शेडसुद्धा झाडून ठेवली, पाहुणी यायची म्हणून. तासाभरात त्याच्या इंजिनचा आवाज परत आला. फार लवकर आला.

तो उतरला आणि काही न बोलता टॅबलेट माझ्यासमोर धरला. घाटावर पावसाचा लाल ठिपका होता, चांगला ठसठशीत.

"वादळ बसलंय तिथे," तो म्हणाला.

विमानात येणारं पावसाचं ते चित्र शिळं असतं. पाऊस आत्ता कुठे आहे ते नव्हे, मघाशी कुठे होता ते दाखवतं. हे मला लायलनेच शिकवलं होतं.

"बाहेर काय दिसत होतं, लायल?"

त्याने टॅबलेट काखेत मारला. "घाट दिसत होता."

"मोकळा?"

"मोकळाच. पण इथे लाल होतं ना."

मला इतका संताप आला की मी तोंड फिरवलं. त्याने तिथेच उभ्याउभ्या आर्डिसला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं म्हणून तो नेहमी स्पीकर लावायचा.

"आर्डिस, घाटात वादळ आहे. आज नाही जमत."

"बरं बाबा." मग ती म्हणाली, "मघाशी एक सर येऊन गेली खरी. आता लख्ख ऊन आहे. मी कोट घालून बाहेरच बसलेय. शिखर अगदी स्वच्छ दिसतंय."

लायलने मान वळवून डोंगराकडे पाहिलं.

"मला वाटलं, तू विचारशील," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"उद्या येतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ढग घाटात खाली उतरले आणि ते खरोखरीचे होते. पुढे हिमवर्षाव सुरू झाला. ऑक्टोबर संपायच्या आत आर्डिस गेली.

कर्मिटने आईची राख टपालाने पाठवली, आमच्याकडे पाठवतात तशी. म्हणजे शेवटी बाईने डोंगर ओलांडला तो टपालाच्या गाडीतून. याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिल्या निरभ्र दिवशी लायल मला म्हणाला, "चल." मी मागे बसले. राखेचा खोका त्याने पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा बांधला. मग सवयीने टॅबलेट काढला. उडण्याआधी विमानात कोण किती वजनाचं बसलंय ते त्यात भरावं लागतं. माझं भरून झालं. पुढच्या सीटवर आर्डिसचं नाव आणि वजन उन्हाळ्यापासून भरलेलंच होतं. नाव त्याने तसंच राहू दिलं. वजन खोडलं आणि तिथे सहा पौंड लिहिलं.

टॅबलेटचा पडदा हिरवा झाला.

"काय म्हणतोय?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"सगळं ठीक आहे म्हणतोय," लायल म्हणाला, आणि कितीतरी वेळ त्याला इंजिन सुरू करता आलं नाही.