उपसून दाखवलेली विहीर

वरवंडच्या बाहेर, हायवेपासून थोडी आत आमची वस्ती. लग्न होऊन न्हावऱ्याहून मी इथं आले, तेव्हा शेजारचा कारखाना बंद पडलेला होता. तिथं गाड्यांचं जळकं ऑइल साफ करून पुन्हा विकायचे. मालक निघून गेला, ऑइलच्या टाक्या जमिनीत राहिल्या, आणि त्या झिरपून आमच्या विहिरीला रॉकेलसारखा वास मारायला लागला. पाण्यावर तेलाचा तवंग दिसायचा. पिण्याचं पाणी मी बांधापलीकडच्या चाचींच्या विहिरीवरून आणायचे. "किती बी न्या, पानी काय संपतंय व्हय?" म्हणत त्या हंडा स्वतः उचलून माझ्या डोक्यावर द्यायच्या.

हे सगळं गुपचूप चालायचं. माझे सासरे, म्हणजे आबा, गावच्या दूध डेअरीचे चेअरमन. विहिरीचं बाहेर कळलं तर आपल्याच गोठ्यातल्या दुधाला लोक नाकं मुरडतील, ही त्यांची धास्ती. घरातल्या नाकांनाही चेअरमनचा हुकूम लागू होता. वास येतो, असं कुणी म्हणायचंच नाही.

मग कारखान्याच्या पलीकडच्या वस्तीनं तक्रार केली आणि पुण्याहून तपासणीला माणसं येणार, आसपासच्या विहिरी बघणार, असा निरोप आला. मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी आमच्याकडं धांदल उडाली. दोन मोटारी लावून विहीर कोरडी केली. गाळ काढला, दगड घासले, नवं पाणी लागल्यावर ब्लीचिंग पावडर टाकली. मीही पदर खोचून गाळाची घमेली ओढली. विहीर लख्ख झाल्यावर मला चक्क बरं वाटलं. पाहुण्यांपुढं घाण न्यायची नाही, एवढंच आमच्या डोक्यात. ते घाण बघायलाच येतायत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आली ती माझ्याच वयाची इंजिनिअर बाई, डोक्याला टोपी, हातात बाटल्या. दोरीला नळी बांधून तिनं पाणी वर काढलं, वास घेतला, जरा थांबली.

"विहीर एवढ्यात उपसलीय का?" तिनं विचारलं.

"न्हाई. ही अशीच असती बारमाही," आबा म्हणाले.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मान वर करायची हिंमत झाली नाही.

रिपोर्ट घेऊन ती पुन्हा आली तेव्हा जीपच्या बॉनेटवर तिनं नकाशा पसरला. कारखान्याभोवती एक रेघ होती, तेल कुठवर पोचलंय ते दाखवणारी. आमची विहीर रेघेच्या बाहेर. "तुमच्यापर्यंत आलेलं नाही," ती आनंदानं म्हणाली, "म्हणजे या बाजूच्या पुढच्या विहिरी तपासायची गरज नाही." या बाजूला पुढं एकच विहीर होती, चाचींची. जमिनीचा उतारही तिकडेच. आबांनी मोठ्या रुबाबात मान डोलावली. रेघेच्या आतल्या वस्त्यांना टँकर सुरू झाले, आणि मी पुन्हा हंडा घेऊन चाचींकडं जाऊ लागले.

उन्हाळ्यात एका सकाळी चाचींनी हंडा उचलून दिला नाही. पदराला हात पुसत त्या माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "सूनबाई, नाराज होऊ नगा. कालपासनं पान्याला कसला तरी वास येतोय. माझ्याच हातनं रॉकेलचा डबा कुठं लवंडला का काय, कळंना. असलं पानी तुमाला कसं देऊ?"

त्या आमची माफी मागत होत्या. धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं, असं मला तेव्हा खरोखर वाटलं. मी रिकामा हंडा घेऊन घरी आले आणि आबांना ओट्यावर, चार माणसांदेखत, चाचींचा शब्द न् शब्द सांगितला. सुनेनं असं बोलणं आमच्याकडं खपत नाही. आबा रागावले नाहीत. चपला पायात घालायचंही न सुचता ते बांध ओलांडून निघाले. मी मागोमाग गेले.

चाचींच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "वहिनी, तुमचा डबाबिबा काय लवंडला न्हाई. त्या कारखान्याचं त्याल हाय. आमच्यात कवाच आलं हुतं. आम्ही हीर उपसून दावली आन् खोटं बोललो. म्हून तुमच्याकडं कुनी बघितलं न्हाई. उद्या पुण्याला जाऊन त्या बाईला घिऊन येतो."

दारी माणूस आलंय म्हणून चाची सवयीनं माठाकडं वळल्या. तांब्या भरला आणि तशाच थांबल्या.

"द्या," आबांनी हात पुढं केला.

चाचींनी तांब्यातलं पाणी परत माठात ओतलं.