तिसरा धोंडा

उमरखेडच्या पंचक्रोशीत भगवानरावांना लोक दोन गोष्टींनी ओळखत: त्यांच्या वावरातली कपाशी आणि त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ. कपाशी त्यांनी घाम गाळून कमावलेली, माळ वडिलांनी बाराव्या वर्षी घातलेली. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकादशी चुकवली नाही, शनिवारचं भजन चुकवलं नाही. पण सरळ माणसाच्या अंगातही एखादं हाड वाकडं असतंच, आणि भगवानरावांचं ते हाड दर चैत्रात ठणकायला लागे. पऱ्हाट्या उपटून झाल्या, तूर घरात आली, वावर मोकळं पडलं की त्यांचं चित्त छपराखाली राहत नसे. खाट ओढत आधी ओसरीत, मग अंगणात, मग गोठ्याच्या पलीकडे नेत.

"ओढा अजून थोडी," इंदुताई, त्यांची बायको, म्हणायची. "पैनगंगेत जाऊनच पडा एकडाव."

आणि ते खरोखरच जायचे. पिशवीत पीठ, मीठ, हळद आणि मूठभर कापूस घ्यायचे, आणि चार-पाच दिवसांसाठी गायब व्हायचे.

हा नाद त्यांना धावजीनं लावला. धावजी बंजारा, दोन कोसांवरच्या तांड्यातला. त्याच्या बापानं बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून मुलूख पालथा घातला होता. पुढे आगगाड्या आल्या, मोटारी आल्या, आणि गोणी खुंटीला लागल्या. धावजीच्या वाट्याला आली पाच एकर बरड जमीन आणि बापानं शिकवलेली उघड्यावर राहण्याची विद्या. जमिनीनं त्याला कधी पोटभर दिलं नाही, विद्येनं कधी उपाशी ठेवलं नाही. छप्पन साली विदर्भ मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी चैत्रात भगवानराव त्याच्याकडे एक गोऱ्हा बघायला गेले. गोऱ्हा पसंत पडला नाही. धावजी पडला.

"नदीवर चाललो चार रोज," धावजी म्हणाला होता. "येता का?"

तांड्यापासून दिवसभराच्या चालीवर, सागाच्या जंगलात, पैनगंगेचा एक खोल डोह होता. काठावर पुढे झुकलेला मोठा खडक, त्याच्या पोटात चार माणसं मावतील एवढी कोरडी जागा, आणि तिथे तीन धोंड्यांची चूल. हा धावजीच्या बापाचा जुना पडाव. त्या चार दिवसांत भगवानराव पोरासारखे शिकले. नदीचं पाणी सरळ ओंजळीत घ्यायचं नाही, काठापासून दोन हात सरकून वाळूत खड्डा करायचा आणि झिरपून आलेलं प्यायचं. वारा कोणत्या अंगाचा ते धुराला विचारायचं. मरळ मासा सकाळी कोवळ्या उन्हात काठाशी येतो, तेव्हा गळ टाकून गप बसायचं, आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गारगोटी धावजीची, कापूस भगवानरावांचा, आणि ठिणगी पडली की दोघं वाकून एकाच वेळी फुंकर घालायचे. पळसाच्या पानांत थापलेले पानगे आणि हळद-मीठ लावलेला मासा एकाच निखाऱ्यावर भाजला जायचा.

गावात धावजी त्यांना "तुमी" म्हणायचा. सागाचं रान लागलं की "तू" म्हणायचा. भगवानरावांना त्या "तू"ची भूक वर्षभर लागलेली असे.

निघताना धावजीचा एक नेम होता. चूल मोडायची नाही. तिन्ही धोंडे उभे ठेवायचे, खडकाच्या पोटात कोरडी लाकडं रचायची, आणि गाडग्यात मिठाची पुरचुंडी घालून ते धोंड्यांमागे झाकून ठेवायचं.

"मांगून येनाऱ्याचा हक्क हाय तिच्यावर," तो सांगे. "लाकडं भेटतीन रानात. मीठ कुठून आनंन तो?"

"आणि चूल मोडायचीच नाही? कधीच?"

"पडावातला सोबती मेला, का मनातून उतरला, तर तिसरा धोंडा आडवा करायचा. दोन धोंड्यांवर भांडं बसत नाई."

आता माळेचं. माळकऱ्यानं मासे खायचे नसतात, हे भगवानरावांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक तोड काढली. डोहावर पोचलं की माळ काढून करंजाच्या फांदीला अडकवायची आणि परतताना पुन्हा गळ्यात घालायची. माळ झाडावर, माणूस पाण्यावर, दोघांनी एकमेकांकडे बघायचं नाही. देवाला असा चकवा फक्त सज्जन माणूसच देऊ शकतो, चोराला तेवढी गरज वाटत नाही.

पाच वर्षं हा चकवा चालला. एकसष्ट साली एका वानरानं तो मोडला. परतायच्या दिवशी सकाळी ते करंजावरून उतरलं, माळ उचलली आणि सागाच्या शेंड्यावर जाऊन बसलं. दोघं खालून दगड मारतायत, ओरडतायत, आणि वानर एकेक मणी चावून बघतंय. शेवटी ते माळेसकट रानात पसार झालं. धावजी हसून हसून वाळूत बसला.

"भगवान, वानर माळकरी झालं रे! आता त्याले शनवारी भजनाले धाड!"

भगवानरावही हसले. घर जवळ येऊ लागलं तसं हसू वाळत गेलं.

तो शनिवारच होता. मारुतीच्या पारावर भजनाची मंडळी जमलेली. म्होरके सदाशिवराव, वयानं आणि आवाजानं मोठे. त्यांची नजर पडायची तिथेच पडली.

"भगवान, गळा काहून रिकामा दिसून राह्यला?"

खरं सांगितलं असतं तर पार हसला असता, चार दिवस चिडवलं असतं, एखादा उपास लागला असता. पण भगवानरावांना त्या क्षणी बापाचा चेहरा आठवला, आणि जीभ सटकली.

"त्या धावजीनं घात केला. भाजी म्हनून मासे खाऊ घातले मले. माळ बी त्यानंच तोडून फेकली."

पार गप्प झाला. ती शांतता त्यांच्या बोलण्यामुळे आहे असं भगवानरावांना वाटलं. मग त्यांनी मागे पाहिलं. पायरीपाशी धावजी उभा होता. हातात पितळी चरवी. भगवानराव ती डोहावर विसरले होते, आणि तो दोन कोसांची वाट वाकडी करून द्यायला आला होता.

"तुमची चरवी राह्यली होती, भगवानराव," तो म्हणाला. चरवी पायरीवर ठेवली आणि आल्या वाटेनं गेला.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांना नवी माळ घातली गेली. गावानं धावजीला दोन शिव्या हासडल्या आणि विषय संपवला. इंदुताईनं मात्र संपवला नाही. चरवी घासता घासता ती म्हणाली, "माळ गेली त्याचं काई नाई. धावजीले कायले विकलं तुमी?"

त्यानंतर तीन चैत्र आले नि गेले. भगवानराव नदीकडे फिरकले नाहीत. उमरखेडच्या बाजारात एकदा धावजीचं पागोटं लांबून दिसलं, तर हे कापसाच्या गाड्यांमागे दडले. माफी मागायला तोंड हवं, आणि तेच तर पारावर गमावून बसले होते. गावातही त्यांच्यापुढे त्याचं नाव कोणी काढत नसे. चैत्र आला की मोहाच्या फुलांचा वास सुटे आणि त्यांचा हात पिशवीकडे जाऊन मागे येई. इंदुताईनं एकदा अंगणात निखारे पाडून पळसाच्या पानांत पानगे भाजून दिले. ते दोन खाऊन उठले. पानगा तोच होता, भूक ती नव्हती. खाट पुन्हा गोठ्यापलीकडे गेली, पण आता बायको काही म्हणत नव्हती, आणि त्यांना तिनं काहीतरी म्हणावं असं फार वाटे.

पासष्ट साली तिनंच पिशवी भरली. "जा आता," ती म्हणाली. "असं निम्मं निम्मं घरात राहू नोका."

वाटभर त्यांना एकच धास्ती होती. धावजी आपल्यासाठी मेला नव्हता, पण आपण त्याच्या मनातून उतरलो असणार. म्हणजे तिसरा धोंडा आडवा असणार. डोह दिसला तेव्हा त्यांनी मुद्दाम आधी पाण्याकडे पाहिलं, मग करंजाकडे, आणि मग कुठे चुलीकडे मान वळवली.

तिन्ही धोंडे उभे होते.

खडकाच्या पोटात लाकडं रचलेली होती, वरची थोडी वाळवी लागलेली, खालची कोरडी ठणठणीत. भगवानरावांनी गाडगं उघडलं. मिठाच्या पुरचुंडीवर तुळशीची माळ होती. दोन मणी चावलेले, तीन गेलेले, आणि तुटलेला दोरा नव्या लाल धाग्यानं गाठ मारून जोडलेला.

बंजारी बायका घागऱ्यावर कशिदा काढतात, त्यातला तो धागा होता. भगवानराव माळ हातात धरून रडले. रडू आवरायला तिथे कोणी नव्हतं, म्हणून पोटभर रडले. गळ त्यांनी टाकलाच नाही. त्या लाकडांवर एक पानगा भाजला, खाल्ला, गेली तेवढी लाकडं पुन्हा आणून रचली, आणि पहाट होताच उलटपावली सरळ तांड्याची वाट धरली. धावजीच्या पायांवर माळ ठेवायची, मग त्याला हाताला धरून पारावर न्यायचं, सगळं वाटेतच ठरवून टाकलं.

दारात धावजीची बायको सोनीबाई शेंगा निवडत होती. मनगटं रिकामी होती. बांगड्या नव्हत्या.

"लई उशीर केला, भाऊ," ती म्हणाली. "माघात गेला तो. तीन रोज ताप आला, बस."

भगवानराव तिथेच उंबऱ्याबाहेर बसले. सोनीबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांनी मुठीतली माळ उघडून दाखवली.

"म्याच ओवून देलती," ती म्हणाली. "दुसऱ्या साली सापडली त्याले झाडाखाली. म्या म्हटलं, गावात नेऊन दाखव, लोकाईले कळू दे खरं काय ते. तर नाई म्हने. दर चैतात जाये, मीठ बदलून ये. म्या म्हटलं, निरोप तरी धाड. तर म्हने, यायचं असंन तर तो नदीवर येईन. गावात बलावून पुन्हा खोटं बोलाले लावू नोको त्याले."

भगवानरावांनी माळ पुन्हा मुठीत बंद केली.

ते उठू लागले तेव्हा सोनीबाईनं एकच काम सांगितलं. "तिसरा धोंडा आडवा करून या. रीत हाय. पडाव तुमचा नि त्याचा होता, दुसऱ्या कोनाचा हात चालत नाई."

त्या शनिवारी भगवानरावांनी पारावर उभं राहून सगळं सांगितलं: मासे, करंजाची फांदी, वानर, आणि खोटं. सदाशिवरावांनी टाळ खाली ठेवले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं भगवानरावांना वाटलं. नवी माळ त्यांनी काढून देवापुढे ठेवली आणि लाल धाग्याची गळ्यात घातली.

मग ते डोहावर गेले. तिसऱ्या धोंड्यावर हात ठेवला, जोर लावायला पाय रोवले. धोंडा काही फार जड नव्हता. एका हातानं आडवा झाला असता. ते दुपारपर्यंत तसेच उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी वाळूत झिरा खणला, आग पेटवली, आणि दोन पानगे थापले.

पुढच्या चैत्रात जाताना ते तांड्यावर थांबले. सोनीबाईनं विचारलं, "केला का आडवा?"

"हो," भगवानराव म्हणाले. "केला."

आयुष्यात धावजीपायी ते दोनदा खोटं बोलले, त्यातलं हे दुसरं. सोनीबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांच्या पिठाच्या पिशवीकडे पाहिलं. मग ती घरात गेली आणि फडक्यात बांधलेली मिठाची पुरचुंडी आणून तिनं त्यांच्या हातावर ठेवली.

"जुनं वलं झालं असंन," ती म्हणाली.