सरासरीरावांचा रुसव्याचा हिशेब

ओतकामाच्या कारखान्याच्या चिमणीतून किती धूळ हवेत जाते, हे सांगणं सरासरीरावांचं काम. त्यासाठी चिमणीवर चढायची गरज नसे. अशा पुष्कळ भट्ट्यांवर कुणीतरी आधीच मोजून ठेवलेलं असतं: एक टन लोखंड वितळवलं की सरासरी इतकी धूळ. यालाच म्हणायचं उत्सर्जन गुणांक. आपण किती टन वितळवलं त्याने तो गुणायचा, धूळ गाळणाऱ्या पिशव्या जेवढी अडवतात तेवढी वजा करायची, की झालं. खुर्चीत बसल्या बसल्या धुराची मोजदाद!

ही खोड त्यांनी घरीही आणली. बायकोचा राग म्हणजे त्यांच्या लेखी एक भट्टीच. एका टोमण्यामागे इतका अबोला. वर आइस्क्रीम आणलं तर त्यातला बराचसा वजा. गणित बरीच वर्षं जुळलं आणि गृहस्थ शेफारले.

मग बायकोची मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक झाली. पाहुणे अभिनंदन करत होते, तेवढ्यात हे महाशय म्हणाले, "मुख्याध्यापक सरासरी दोन वर्षं टिकतात." पाहुणे गेल्यावर ती बॅग भरून भावाकडे निघून गेली.

यांनी आकडेमोड केली: रविवारपर्यंत परत. आइस्क्रीमचा डबाही धाडून दिला. रविवार आला, गेला; डबा मेव्हण्याच्या पोरांनी फस्त केल्याचं तेवढं कळलं. रिकाम्या घरात सरासरीरावांनी तीच आकडेमोड पुन्हा तीनदा करून पाहिली. ती आलीच नाही तर?

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मागे एकदा त्यांच्याच चिमणीत नळी घालून खरोखर मोजलं, तर धूळ हिशेबाच्या दुप्पट निघाली होती. आतल्या पिशव्या कधीच्याच फाटल्या होत्या. सरासरी शंभर भट्ट्यांची असते, समोरच्या एकीची नसते. नव्याने रुजू होणाऱ्यांना ते हे घसा फोडून सांगत, आणि स्वतः मात्र घरात एकदाही नळी घातली नव्हती.

मेव्हण्याचं दार बायकोनेच उघडलं.

"किती लागलं गं तुला?" त्यांनी विचारलं.

"सरासरी विचारताय की माझं?"

"तुझं."

मग ती बोलली, बराच वेळ बोलली. आइस्क्रीम आपल्याला कधीच आवडत नव्हतं, हेही त्यात आलं. सरासरीराव मान खाली घालून ऐकत राहिले. लाज वाटली, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

"उद्या मुख्याध्यापिका म्हणून माझा पहिला दिवस," शेवटी ती म्हणाली. "या. मागे उभे राहा, तोंड उघडू नका. आणि संध्याकाळी तिथूनच मला घरी न्या."