म्हातारीचा उताणा हात

शिल्पकाराच्या कारखान्यात त्यांना सगळे सांधेकाका म्हणत. मूर्तीचे हात, पाय, मुंडकं वेगवेगळ्या साच्यांतून प्लास्टरमध्ये निघायचं. ते जोडून अख्खा माणूस उभा करायचा, हे काकांचं काम. बत्तीस वर्षांत त्यांचा एकही सांधा कुणाच्या बोटाला लागला नव्हता. घरी कपाचा कान तुटला की मात्र बायको कप गुपचूप फेकून द्यायची. काकांनी जोडायला घेतला तर महिनाभर वाळतच पडायचा.

निवृत्तीला तीन महिने उरले आणि अशा माणसाच्या हातून म्हातारीची मूर्ती बिघडली. बसलेल्या म्हातारीचा डावा हात गुडघ्यावर पालथा टेकलेला हवा. मनगटाची खुंटी चौकोनी, उलटसुलट कशीही बसते. म्हणून जोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पेन्सिलीची रेघ ओढतात. रेघेला रेघ मिळाली की काम फत्ते. काकांनी रेघ ओढली आणि मग टापटिपीच्या सवयीनं ओल्या फडक्यानं पुसूनही टाकली! हात टेबलावर सुटा पडलेला. त्यात पालथं काय नि उताणं काय! तो हात खांद्याला जोडायला प्रदर्शनाच्या हॉलवर दुसरी माणसं गेली. काकांनी म्हातारी पाहिली ती थेट उद्‌घाटनाला. हात उताणा!

साहेब, म्हणजे शिल्पकार, परगावाहून तेव्हाच पोचले होते. त्यांचाही चेहरा प्लास्टरसारखा झाला. एवढ्यात नामवंत समीक्षक पुढे सरसावले.

"हा रिकामा तळहात! देणं संपलं, मागणंही संपलं. उरला तो केवळ आकांत!"

साहेबांनी मान डोलावली. "त्या तळहातापायी तीन वर्षं झोपलो नाही मी."

काकांनी त्यांना खांबाआड गाठलं. "साहेब, उद्या सकाळी दहा मिनिटांत सुलटा करतो. माझी चूक आहे."

"चूक होती, काका. साडेसहा वाजेपर्यंत. आता हात लावलात तर बघा!"

घरी बायको म्हणाली, "नावाजलं ना? मग बिघडलं कुठं?"

"अगं, एखादा जाणता सांधेवाला पाहून गेला तर? म्हणेल, म्हातारा जाता जाता चळला."

"असे जाणते आहेत तरी किती?"

"मला धरून चार."

"मग त्या तिघांना चहाला बोलवा नि सांगून टाका!"

काका हसले नाहीत. त्या दिवसापासून जेवताना त्यांची नजर आपल्याच मनगटावर जायची.

पुढे एका रुग्णालयाला दारात ठेवायला म्हातारीची प्रत हवी झाली. काकांचं हे शेवटचं काम. साहेबांनी बजावलं, "तंतोतंत प्रदर्शनातल्यासारखी!" म्हणजे तीच चूक पुन्हा करायची, आणि तीही नीट. काकांनी हात तीनदा उताणा बसवला, तीनदा उपटला. चौथ्यांदा रेघेला रेघ मिळवून पालथा बसवला आणि कुणी अडवायच्या आत सांधा लिंपून, घासून मोकळे झाले.

रुग्णालयात समीक्षकांनी म्हातारीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "नक्कल! कारागिराला वेदना कळलीच नाही. हात नुसता गुडघ्यावर ठेवून दिलाय."

साहेब दात आवळून पुटपुटले, "काका, हे काय केलंत?"

"सांधा बरोबर केला, साहेब. आता घरी बसवा, नाहीतरी शुक्रवारी बसणारच आहे."

बाकावर नंबराची वाट पाहत एक आजी बसल्या होत्या. त्या लंगडत आल्या, मूर्तीपुढे थांबल्या आणि चुकचुकल्या. "अगं बाई, हिचाही डावाच गुडघा! कसा दाबून धरलाय बघा."

"डावाच," साहेब बोलून गेले. "मावशी माझी. थंडीत तर फारच दुखायचा. असाच हात दाबून..."

समीक्षक कान टवकारून वहीचं कोरं पान शोधत होते. काकांनी मात्र म्हातारीच्या मनगटावरून एकदा अंगठा फिरवला, काही लागत नाही याची खात्री केली आणि आजींना बाकापर्यंत सोडायला गेले.