येडगावच्या घाटावरचा माईक

धरणाच्या कडेला, येडगावच्या घाटावर, दहाव्याला मी डोकी भादरतो आणि जानकू शूटिंग करतो. लग्नाचं शूटिंग करणारे पिंपळवंडीत पैशाला पासरी, पण दहाव्याला बोलवावं ते जानकूलाच. गडी भलता अबोल. कॅमेरा डोळ्याला लावला की कुणाशी बोलावं लागत न्हाई, म्हणून यानं हा धंदा धरला, असं आपलं माझं मत.

दोन हजार एक साली मुंबईच्या एका लेकीनं कॅसेट बघून त्याला चांगलंच झापलं. "दादानं पिंडाम्होरं आबांना काय शब्द दिला, तेच ऐकू येत न्हाई. नुसती वाऱ्याची घरघर!" जानकूच्या लई मनाला लागलं. बाहेरून लावायचा माईक घ्यायला पुण्याला निघाला, मलाबी ओढून नेलं.

दुकानदारानं कॉलरला लावायचा बारका माईक काढला. मी म्हणालो, "अहो, पंचा नेसून उघडा बसलेला माणूस, कॉलर आणायची कुठून?" मग हातात धरायचा दाखवला. जानकू म्हणाला, "मेलेल्या बापाशी कुणी सभेतल्यासारखं बोलतं व्हय?" शेवटी घेतला तो लांब नळीचा. वारं अडवायला त्यावर करड्या केसांचं टोपडं, लांबून बघणाऱ्याला मांजरच वाटावं असं.

पहिल्याच दहाव्याला घोटाळा! पिंडाजवळ माईक रोवला आणि बाभळीवरचे कावळे जागचे हलंनात. "जानक्या, ते मांजर घे मागं!" मी वरडलो. त्यानं माईक उचलला, कावळे खाली. तवापासून ठरलं, माणसं बोलून झाली की माईक मागं. घरच्यांना मी सांगायचो, शब्द दिला, कावळा शिवला, गेलेला जीव निवांत झाला. खरं काय ते आमी दोघंच जाणून.

तीन वर्षांनी त्याची आय, बयाबाई, गेली. घरात दोघंच व्हती. चाळिशी आली तरी पोराचं लग्न जमलं नव्हतं. म्हातारी भेटली की एकच, "माझ्या माघारी याला 'जेवलास का' म्हणून कोण इचारंल रं?"

दहाव्याला त्याचं डोकं मीच केलं. माईक त्यानं आपल्या हातानं रोवला. रखमाजी मामा म्हणाला, "लग्न करतो म्हण."

"करतो, आये."

कावळे ढिम्म.

"जेवणाची आबाळ करणार न्हाई म्हण." तेबी म्हणाला. ऊन चढलं, माणसं चुळबुळ करायला लागली. मी वाकून कानात सांगितलं, "येड्या, मांजर काढ की!"

"ऱ्हाऊ दे, भागूभाऊ. माझी आय असंल तर मांजराला भिणार न्हाई."

अर्धा तास हात जोडून बसला. एवढ्या माणसांत एवढं एकटं पडलेलं माणूस मी दुसरं बघितलं न्हाई. मला राग आला, त्याचा, कावळ्यांचा, त्या म्हातारीचाबी. उठलो आणि माईक उपटला.

दोन कावळे भरकन उतरले. "मानली रं बया!" मामा रडता रडता हसला. माणसं जेवायला उठली.

जानकू जागचा उठला न्हाई. "भागूभाऊ, खरं सांग. आय आली, का मांजर गेलं म्हणून कावळा आला?"

"आयच आली की रं," मी म्हणालो.

हेच मी आजवर किती घरांना सांगत आलो, ते त्याला पक्कं ठाऊक व्हतं.