देवकाबाईंनी फाडलेलं पान

वनिताचा फोन आला तेव्हा मी वरोऱ्याला मुलाकडे पेपर वाचत बसलो होतो. "गुरुजी, आई गेल्या," ती म्हणाली. वनिता म्हणजे देवकाबाईंची सून. दोन दिवस ताप, मग गडचिरोलीचा दवाखाना, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं आटोपलं. मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "तुमचं पुस्तक आहे इथी. येऊन घेऊन जा." डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. तेही आलं, पण नंतर. आधी मनात आलं ते दुसरंच... त्या पुस्तकाचं शेवटचं पान जागेवर असेल का? माणूस गेल्याच्या बातमीवर ज्याला स्वतःचं पुस्तक आठवतं तो कसला आलाय गुरुजी! पण खोटं कशाला सांगू? बारा वर्षं मी त्या एका पानाच्या धास्तीत काढली होती.

देवकाबाई आरमोरीच्या आठवडी बाजारात मासे विकायच्या, त्यांच्या गावतलावातले झिंगे आणि मरळ. मी तिथल्या शाळेत शिकवायचो आणि दिवाळी अंकांत भयकथा लिहायचो, त्यामुळे तालुक्यात आपल्याला कोणी ओळखतं असा माझा समज होता. एकदा घरी येऊन माशांची पुडी सोडली. आत पळसाचं पान, आणि वरचा कागद निघाला माझ्याच कथेचं शेवटचं पान. मी तणतणत परत बाजारात गेलो. बाईंनी माझा चेहरा नीट पाहून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमी लिवली काय? चांगली होती. पन शेवटी भूत दाखवलं न तुमी. दिसलं का भेव संपते." असं मला आजवर कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मग कळलं की मासे बांधायला येणाऱ्या रद्दीतली भुताखेतांची पुस्तकं त्या आधी वाचतात आणि मगच त्यांचा निकाल लावतात. सातवीपर्यंतच शिकल्या होत्या, पण वाचायच्या हावऱ्यासारख्या. शेवट पटला तर पुस्तक अख्खं घरच्या फळीवर जायचं. नाही पटला तर शेवटचं पान फाडून त्यात मासे, आणि बाकीचं पुस्तक फळीवर. उरलेला शेवट त्या आपल्या मनानं करून घ्यायच्या.

त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी त्यांच्या टोपलीशेजारी उकिडवं बसणं हा माझा नेम झाला. बायको म्हणायची, मास्तर मासे आणायला जातात की शिकवणीला! खरं तर शिकवणीलाच जायचो. बाईंची मतं ठाम होती. भयकथेतल्या त्या पडक्या हवेलीला सतरा दारं कशाला लागतात, हा त्यांचा पहिला सवाल. आमच्या घराले एकच दार, भुतानं यावं कुठून न जावं कुठून, असं म्हणून हसायच्या. पांढरं लुगडं नेसून फिरणाऱ्या हडळीचं लुगडं कोण धुतं, हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कोल्हे ओरडले की हवेलीतले लोक घाबरतात, याची तर त्यांना कीवच यायची. एक मत मात्र मला लागलं. अंधाऱ्या जिन्यावरून गडी कंदील धरून पुढे चालतो आणि मालक त्याच्या मागे, हे सगळ्याच पुस्तकांत येतं. त्यावर बाई म्हणाल्या, "पुढं गडी चालते, आन भेव मालकाले वाटते. गड्याले काऊन नाई वाटत?" मी पंचवीस वर्षं कथा लिहिल्या, माझ्या एकाही गड्याला भीती वाटली नव्हती.

एका उन्हाळ्यात बाजार लवकर उठला होता. रिकाम्या टोपलीपाशी बसून त्यांनी मला नवरा कसा गेला ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सकाळची वेळ, तलावात गुडघाभर पाण्यात पाच जण जाळं ओढत होते, त्यातले एक बाईंचे मालक. बाई बाजूच्या बांधावर टोपली घेऊन उभ्या होत्या. मालकांच्या मागच्या गवतात काहीतरी हललं. वारा नव्हता. बाई ओरडल्या... पण काय ओरडल्या? "अहो!" नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. मारोती हे नाव. मारोतीच्या देवळालाही त्या बजरंगाचं देऊळ म्हणायच्या. "अहो म्हनलं तं चौघं वळले, गुरुजी. हेच नाई वळले." मग गवतातून वाघ आला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विचारलं नाही, पण लिहिलं. घरी आलो आणि चार दिवसांत कथा पुरी केली. गाव बदललं, तलाव बदलला, बाई बदलल्या. नाव मात्र मारोतीच ठेवलं. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात मारोती असतो, कोणाच्या लक्षात येणार आहे, असं मनाला बजावलं. खरं कारण असं की शेवटाला ते नाव शोभत होतं. शेवटी ती विधवा बांधावर जाते, आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेते, तीनदा घेते, आणि पाणी हलतं, आणि तो वर येतो. अंकात छापून आली, लोकांनी पत्रं पाठवली. संग्रह निघाला तेव्हा हीच कथा मी सगळ्यात शेवटी ठेवली, आणि ते पुस्तक स्वतःच्या हातानं बाईंना नेऊन दिलं. त्यांना आवडेल असं वाटलं होतं मला! इतका मी बेअक्कल होतो.

दोन बाजार त्या आल्याच नाहीत. तिसऱ्या बाजारी आल्या, झिंगे तोलले, पुडी बांधली, ती माझ्या हातात दिली आणि सोडली नाही. पुडीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "मंग तवा मी नाव घेतलं असतं... तं यायनं वळून पाह्यलं असतं काय?" नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. बाई, ती नुसती कथा आहे, एवढं तरी म्हणायचं होतं. मी मान खाली घातली आणि मासे घेऊन निघून आलो. त्यानंतर आमच्यात पुस्तकाचा विषय कधी निघाला नाही. त्या मासे द्यायच्या, मी घ्यायचो. पुडीवर नेहमी वर्तमानपत्र असायचं. दर वेळी घरी येऊन कागद आधी उलटसुलट बघायचो, आज ते पान निघेल म्हणून. ते निघालं नाही. मग निवृत्त झालो आणि वरोऱ्याला आलो. सुटलो, असंही तेव्हा वाटलं, त्याची आता लाज वाटते.

तेरावं झाल्यावर एसटीनं गेलो. घर तलावाला लागूनच आहे, ओसरीतून बांध दिसतो. वनितानं पाणी दिलं आणि फळीवरून पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. तिच्यासमोर उघडायचं धाडस होईना. शेवटी मागून उघडलं. शेवटचं पान नव्हतं. मुळापासून, नीट फाडलेलं होतं. म्हटलं, झालं... बारा वर्षांचा निकाल लागला. वनिता माझ्याकडे पाहत होती. ती उठली, बाईंची टोपली घेऊन आली. टोपलीच्या काठाला प्लास्टिकची छोटी पिशवी बांधलेली होती, तिच्यातून तिनं घडी घातलेला कागद काढला. माशांच्या वासाचा, घड्यांवर विरलेला. ती सांगू लागली की आई रोज सकाळी बांधावर उभ्या राहून हे वाचायच्या, तोंडानं, हळूच. आधी तिला वाटलं पोथी असेल. एक दिवस जवळून ऐकलं तर मामंजींचं नाव. आई, नाव घेता काय, असं तिनं विचारलं. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "मी नाव घेतलं नाई. वाचलं."

मी घडी उघडली. वरच्या भागात ती बांधावर जाते, नाव घेते. त्याच्या खाली पाणी हलतं, तो वर येतो, त्या माझ्या अकरा ओळी. त्या सगळ्या निळ्या पेनानं खोडलेल्या होत्या. रागानं नव्हे. पट्टी लावून, एकेक ओळ सरळ. "गुरुजी, एकदा वाचून दाखवा," वनिता म्हणाली. "आईनंतर कोनी वाचलं नाई. मले बी त्यायचं नाव घेता येत नाई." मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. मारोती... मारोती... मारोती. तिथं बाईंची पहिली निळी रेघ होती, तिथं थांबलो. पुढचं मला पाठ होतं, पण म्हणवेना. मान आपोआप तलावाकडे वळली. वनिताही तिकडेच पाहत होती. थोड्या वेळानं तिनं कागदाची घडी केली, पिशवीत घातली आणि पिशवी टोपलीला पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी आरमोरीचा बाजार होता, टोपली आता तिलाच न्यायची होती.